मोजून सात आठवड्यांचा सिनेटर

...हसू नका हो! तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं कोर्टात वकिली केली, संध्याकाळी कॉलेजच्या पोरांना फुटबॉल शिकवला, पण राजधानीतल्या त्या सिनेटसारखा खेळ कुठे पाहिला नाही! आमच्या राज्याचे म्हातारे सिनेटर मुदतीआधीच वारले, उरलेल्या दिवसांपुरतं लोकांनी मला निवडून दिलं. किती दिवस? सात आठवडे! मोजून सात आठवडे! बायको म्हणाली, "अहो, एवढ्यात तुमचा कोटसुद्धा शिवून होणार नाही." नाहीच झाला!

काम एकच, नदीवर पूल. गेल्या वसंतात आमच्या डॉक्टरांचा तराफा उलटला. डॉक्टर पोहत काठाला लागले, पण पलीकडे वाट बघणारी बाळंतीण गेली. तिच्या नवऱ्याला मी शब्द दिला होता, पूल आणतोच.

पण तिथे तोंड उघडलं की शेजारच्या खुर्चीतले आजोबा, "श्श! नव्या माणसाने वर्षभर नुसतं ऐकायचं असतं." वर्षभर? अहो, माझ्याकडे सात आठवडे! मोजून सात!

पुलाची पाळी आली कधी? मार्चच्या चार तारखेला, आणि त्याच दुपारी बाराला अधिवेशन आणि माझी मुदत, दोन्ही खलास! त्यात बोलायला उभा कोण? ऑर्विल टिबेट्स! माझ्याच संघातला पोरगा, आता पलीकडच्या राज्याचा सिनेटर, तराफेवाल्यांच्या मतांवर निवडून आलेला! आधी तराफ्याचे गुण, मग आजीच्या मक्याच्या पावाची कृती, मग त्यात लोणी किती... आणि त्याला थांबवायचं नाही, नियमच तसा! बाराला पाच कमी... तेवढ्यात दरवान लांब काठी घेऊन आला आणि भिंतीवरच्या घड्याळाचा काटा चक्क दहा मिनिटं मागे ढकलला! शेवटच्या दिवशी तिथे असंच करतात, कामं उरकायला. म्हटलं, देव पावला! ऑर्विल घोटभर पाणी प्यायला आणि म्हणाला, "आता ताकाविषयी." दहा मिनिटं ताक! परत काठी, परत ताक!

मी उठून "अध्यक्षमहाराज..." म्हणतोय तोच बारा! हातोडा पडला. पूल बुडाला!

ऑर्विल धावत आला, मिठीच मारली. "कोच, आठवतं? तुम्हीच शिकवलंत, आपण पुढे असलो की चेंडू धरून वेळ काढायचा! कसा खेळलो?"

शिव्या ओठांवर होत्या हो! आणि बाहेर काय पडलं? "छान खेळलास, पोरा." वर पाठ थोपटली! मेली बावीस वर्षांची सवय!

आता त्या नवऱ्याला काय तोंड दाखवू?... बरं, सरका जरा पुढे. आला बघा तराफा.