परबची दोन मिनिटं

आमचा परब आठवतो ना रे तुला? मालाडच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसायचा तो. ब्याऐंशी-त्र्याऐंशीला तिथे कुणाचीही शोकसभा असली, की दोन मिनिटं संपल्याचं सांगायचं काम परबचं. त्याला ते कुणी दिलं नव्हतं, त्यानंच घेतलेलं. साहेब डोळे मिटून उभे असायचे आणि हा मागून मालवणीत ओरडायचा, "बसा आता! उभे रवलात म्हणान तो काय परत येवचो नाय!" साहेब जाम भडकायचे.

मग एक दिवस परबच गेला. हार्टनं. शोकसभेला त्याची बायको पुढच्या खुर्चीत, आम्ही सगळे उभे. दोन मिनिटं झाली, पाच झाली, कुणी हलेना. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी साहेबांकडे. सांगणार कोण? पायांची वाट लागली.

शेवटी वहिनींनीच पदरानं डोळे पुसले, मागे वळल्या आणि म्हणाल्या, "बसा ओ आता. उभे रवलात म्हणान ते काय परत येवचे नाय."

काय हसलो यार सगळे! साहेबसुद्धा.

बसलं मात्र कोणी नाही.