माझ्या समुद्राखाली चपला

...आणि चपला कुठे काढायच्या? तर माझ्याच चित्रांखाली! तक्रार नाही हो माझी, पण तुम्हाला सांगतो, तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, निवृत्त झाल्यावर हातात ब्रश धरला, जलरंगात मालवणचा समुद्र काढला, बारा चित्रं, आयुष्यातलं पहिलं प्रदर्शन... आणि पहिल्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या समुद्राखाली काय जमलं? अडतीस जोड! मोजले ना मी, दुसरं काम काय होतं मला?

समोरच्या भिंतीपाशी काशीबाई. चतुर्थीला गणपतीमागची भिंत रंगवते ना घरोघरी, चाळीस वर्षं, तीच. या वेळी ती भिंत प्लायवूडवर काढून आणलेली. मधे गणपती, दोन्ही बाजूंना ऋद्धी-सिद्धी, वर वेल, वेलीवर पोपट. प्रदर्शन भरवणारी रसिका, शहरात शिकून आलेली, म्हणते कशी, "काका, लोककला आणि जलरंग समोरासमोर ठेवू या, संवाद होऊ दे!" संवाद! माणूस दारातून आत आला की त्याला गणपती दिसायचा, पाय आपोआप चपलेतून बाहेर, तिकडे जाऊन डोळे मिटून नमस्कार, जास्वंदीचं फूल, एकाने तर नारळच ठेवला... आणि परत येऊन चपला शोधताना मान खाली! अहो, जरा वर केली असतीत तर सूर्यास्त होता समोर!

तक्रार नाही हो माझी. पण माणसाला वाटतं की नाही, कुणीतरी थांबावं, बघावं? वाईट म्हणा, पण बघून म्हणा! घरी बायकोनं, सावित्रीनं, विचारलं, "कोणी बघल्यान काय?" मी सांगितलं, "गर्दी होती गो." खोटं नव्हतं ते... पण जेवण काही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मासळीबाजारातली पार्वती आली. नमस्कार झाला, चप्पल पायात घातली, आणि... वर बघितलं! एक मिनिट गेलं. दोन गेली. मग कमरेवर हात ठेवून म्हणते, "ओ कंडक्टरांनू, ही होडी उलटी कित्याक उभी केल्यात?"

"उलटी?"

"बावटो बगा, पुढे उडता. म्हणजे वारो पाठसून. नांगर टाकलेली होडी वाऱ्याक पाठ करून कदी रवता? ती आपली वाऱ्याकडे तोंड करून रवता!"

झालं! तिने नवऱ्याला हाक मारली. सुदेश आला, त्याच्या मागून अख्खी रापणच, किनाऱ्यावरून जाळं ओढणारी सगळी टोळी, आली म्हणा ना! "ह्यां भरतीचा पाणी, मगे हो खडक दिसता कसो?" "अरे, ह्या जाळ्यात गावतला काय, वारो?" दोन तास! तुम्हाला सांगतो, दोन तास माझ्या बारा चित्रांसमोर माणसं भांडत होती, बोटं दाखवत होती, आणि मी वहीत चुका लिहून घेत होतो. सतरा निघाल्या! इतका आनंद मला पहिला पगार हातात पडला तेव्हासुद्धा झाला नव्हता.

वळून बघतो तर काशीबाई एकटीच बसलेली. चेहरा उतरलेला. म्हटलं, "काशीबाई, तुमच्याकडे तर रांग होती, झालं काय?"

"रांग होती रे. माझा चित्र कोणी बघल्यान? चाळीस वर्सां सगळे येतत, डोळे मिटतत, पाया पडतत नि जातत. तुज्याकडे बगतत रे भिकाजी..."

अहो, माझ्या डोक्यातच आलं नव्हतं हे! दोन दिवस समोर बसून मी तरी कुठे बघितलं होतं? लोकांची पाठ बघून कुढत होतो नुसता! मग खुर्ची ओढली आणि बसलो तिच्या चित्रासमोर. वेलीचं पान न् पान बघितलं. काय हात बाईचा! आणि अर्ध्या तासानं दचकलो. "काशीबाई, डावीकडच्या पोपटाक डोळोच नाय!"

ती उठली. जवळ गेली. "गे बाय माझे, खरांच!" आणि हसत सुटली, हसता हसता पदर डोळ्यांना... आणि सगळ्या हॉलला ओरडून सांगतेय, "माजी चूक काढल्यान हो! भिकाजीन माजी चूक काढल्यान!" मग काय, ती चूक बघायला सगळे धावले, डोळे उघडे ठेवून! कुणी म्हणे सिद्धीची नथ काय सुंदर, कुणी म्हणे उंदीर आमच्या घरचाच. काशीबाई बोट धरून एकेकाला पान न् पान दाखवत होती. मी नुसता बघत राहिलो. फार बरं वाटलं हो मला, फार.

सगळ्यांचे उपकार आहेत माझ्यावर. तक्रार नाही हो माझी, खरंच नाही. फक्त पार्वतीने बजावून सांगितलंय, "शुक्रवारी आमच्या होडयेतसून येवा, समुद्र आतसून बगा, मगे काढा." आता घाटातल्या वळणांवर तीस वर्षं उभ्यानं तिकिटं फाडली, पोटातलं पाणी हललं नाही माझ्या. पण होडीत? अहो, ती उलटी होडी काढली ना, तीसुद्धा धक्क्यावर बसून, आणि तेवढ्यानंही मळमळत होतं मला! पण जाणार. एवढ्या प्रेमानं चुका दाखवायला नेतं का हो कुणी हल्ली?... दोन लिंबं घेतलीत खिशात. तिसरं सावित्रीने दिलंय.