वाळूत ओतलेलं पानी

माझं नाव यासीन, गाव नेकनूरपासून दोन कोस आत, अब्बा तेलाची इंजिनं दुरुस्त करायचे, आन् काय सांगू तुमाला, आमच्या बीडात तवा रेल्वे नव्हतीच, तरी माझी सारी जिंदगी रेल्वेच्या इंजिनात गेली. हसू नका. लांब शहरात इंजिनं बनवनारी मोठी कंपनी होती, तिथं मी ओतकाम शिकलो, म्हंजी ओल्या वाळूचा साचा करायचा आन् त्यात भट्टीतलं लोखंड ओतायचं.

दुष्काळ पडला, रानात काम न्हाई, तवा आमच्या सरपंचांनी, अप्पांनी, लई जिद्दी मानूस, चाळीस घरांची सहकारी सोसायटी काढली आन् मला बोलावलं, म्हनले यासीन, परक्याच्या दारात का म्हून राबतो बे, हितंच ओत लोखंड. त्याच कंपनीनं काम दिलं, चाकाला दाबून धरनारे ब्रेकचे ठोकळे. पैला माल पास झाला तर कायमचं काम, न्हाई तर शेडला कुलूप.

आन् पैला माल सगळा नापास. कंपनीच्या साहेबानं हातोडी मारली की ठोकळ्यातून वाळू गळायची. साच्याची वाळू नीट भिजवलीच नव्हती, ती ढासळून लोखंडात मिसळली. मुठीत दाबली की लाडू झाला पायजे, हे उस्तादानं शिकवलंतं मला, पन टँकर तिसऱ्या दिशी यायचा, आमच्या हातांना पानी सांडायची सवयच न्हाई राहिलती, जो तो शिंपडायचा आन् थोडं मागं ठेवायचा, मीबी ठेवायचो. कुनी कुनाला सांगितलं न्हाई, सगळ्यांनी तेच केलं. कोपऱ्यात अर्धा पिंप पानी शिल्लक आन् दारात सगळा माल खराब.

साहेबानं आठ दिस दिले. तेवढ्या पान्यानं भागनार नव्हतं, अप्पा डोक्याला हात लावून बसले. तेवढ्यात आमची झुबेदा, म्हंजी घरवाली, डोक्यावर घागर घेऊन आली. मी वरडलो, पोरांच्या तोंडचं पानी हाय ते, परत ने. ती म्हनली, पोरं एक दिस कमी पितील, तुमी पुन्हा शहरात गेलात तर वर्साला एकदा तोंड दाखवाल. आन् ओतली की माझ्यादेखत वाळूवर. मग बायांची रांगच लागली, अप्पांची म्हातारी आई तांब्या घेऊन आली. मी रडत रडत वाळू कालवली, खोटं कशाला सांगू. साहेब परत आला, ठोकळ्यांमागून ठोकळे ठोकले, वाळूचा कन गळला न्हाई, म्हनला पास.

पुढं सोसायटी त्या कंपनीनं घेतली, तिला दुसरीनं घेतली, पाट्या बदलल्या, पन शेड चालू हाय, माझी नात तिथंच हापिसात हाय. परवा तिनं कंपनीचा छापील इतिहास आनला, गुळगुळीत कागद, वाचून दाखवला. आमच्यावर एकच ओळ, ग्रामीन कारखाना ताब्यात घेतला म्हून. पान्याचं नावबी न्हाई. राग न्हाई मला, अल्ला त्यांचं भलं करो, त्यांच्यामुळं गावातली मानसं गावात राहिली. पन तुमी लिवून घेताय तर हे लिवा, झुबेदानं घागर दिली.

काय गं? ऐका, झुबेदा आतून वरडती, एकच घागर का म्हून सांगता, दोन होत्या, दुसरी तुमी पाठ फिरवल्यावर ओतलती. बगा, इतकी वर्सं मला पत्ता न्हाई. बरं बाई. लिवा साहेब, दोन लिवा.