मानाचा वाटा

— पाच लिहा, पाच. ‘सभासदांचा अध्यक्षांवर विश्वास किती’ — पाचपैकी पाच. तीन काय लिहिताय मॅडम? बिश्केकहून एवढा घाट ओलांडून आलात ते तीन लिहायला? चहा घ्या आधी. हळू बोलते मी, त्या पलीकडच्या ऐकतील. या सगळ्या बायका बसल्यात ना, विचारा की यांनाच — विचारलंत? सकाळीच? एकेकीला वेगळं बोलावून? बरं केलंत. काय म्हणाल्या? — नाही नाही, सांगू नका, गुप्त असतं ते, माहीत आहे मला. नुसतं आपलं विचारलं.

आमच्या कोचकोरच्या बायका लोकरीचे नमदे-गालिचे पूर्वापार करताहेत, पण त्यांची संघटना कुणी उभी केली? मी, या झूराकाननं. सतरा वर्षं अध्यक्ष आहे, आणि हौस म्हणून नाही हं — दर निवडणुकीला उभी राहून विचारते, बायांनो, कुणाला मी नको असेन तर हात वर करा. एक हात वर येत नाही! इथंच विचारते, याच खोलीत, जेवणं झाली की. आता माझ्या घरी, माझं जेवून कोण हात — ते लिहू नका.

‘अध्यक्षांनंतर कोण?’ हे तुमच्या संस्थेनं मागंही विचारलं होतं. पुढची फळी तयार करा म्हणाले, तळ्याकाठच्या हॉटेलात शिबिरं घेतली — सगळ्या शिबिरांना मीच गेले. का म्हणजे? फळी कशी तयार करायची ते आधी मला नको कळायला? आणि उपाध्यक्ष आहे की. ती काय, दाराशी बसलीय, निळ्या रुमालातली — बुरुल. गुणी आहे. गेल्या हिवाळ्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सगळं तिनंच सांभाळलं, आणि काही म्हणता काही अडलं नाही — म्हणजे मी सगळं लावून दिलं होतं म्हणून अडलं नाही. उलट माल जास्तच खपला. पण तो थंडीमुळं. हिच्या आधीची नुरिलाही चांगली होती, पण तिला घरचं फार व्हायला लागलं — तसं मीच तिच्या सासूच्या कानावर घातलं, सून फार बाहेर असते हो तुमची. काळजीपोटी. कार्यकारिणी ना? माझी बहीण चिटणीस, माझी सून आयगानिश खजिनदार. घरातल्या आहेत म्हणून काय झालं? विश्वासाची माणसं काय बाजारात मिळतात?

खरं सांगू मॅडम, तुमच्या या कागदावर काही कळायचं नाही. मेंढी कापलीय तुमच्यासाठी, आता मांस येईल. कुणापुढं कुठला वाटा जातो ते बघा. तुम्हीही किर्गीझच, तुम्हाला काय सांगायचं — पण शहरात हल्ली सगळं एका ताटात कालवून देतात म्हणे. शेपटीकडचं मांस बैठकीतल्या सगळ्यांत मानाच्या बाईला. तिथं वशिला नाही, भीड नाही. कागद मिटा, नुसतं बघा, आणि जे दिसेल तेच लिहा — मी खाली सही करते.

हां, आलं. सूनबाईच वाढतेय, मुद्दाम तिलाच सांगितलं मी — म्हणजे हात चांगला आहे तिचा. तुम्हाला मांडी, बरोबर, पाहुण्या तुम्ही. माझ्या बहिणीला फासळी, हो, तिला फासळीच. आणि मला — हे काय, खांद्याचं? असू दे. नवीन आहे ती — नऊ वर्षं झाली तशी लग्नाला, पण — आयगानिश, अगं ते शेपटीकडचं इकडं आण. इकडं. दाराकडं कुठं निघालीस —

बुरुलला दिलं.

चुकली हो. उजेड कमी आहे इथं — दुपार आहे, कबूल, पण खिडकी केवढीशी. आणि या बाया बघा, एक तरी म्हणतेय का, अगं चुकलीस म्हणून? खाली मान घालून खाताहेत. कुणाला नवलसुद्धा वाटलं नाही. माझी सख्खी बहीणसुद्धा — तिला मीठ हवंय. आत्ता मीठ हवंय तिला!

आता ही कशाला उठली? मान मिळालाय तर बसावं ना. सुरी घेतलीन. अर्धं कापलं. इकडंच येतेय. मिळालेला वाटा एकट्यानं खायचा नसतो, आपल्या हातानं दुसऱ्याला द्यायचा असतो — रीतच आहे, त्यात काही नाही. मीही किती जणींना दिलाय. घेतला मात्र कधी नव्हता. ‘घ्या ताई’ म्हणतेय, आणि मनापासून म्हणतेय हो, तेच फार लागतं. खोचक बोलली असती तर मी बघून घेतलं असतं.

आण गं. दे.

— पोरी, तुला काय लिहायचं ते लिही. पण जेवणं होईपर्यंत आता मला काही विचारू नकोस.