सीमेवरच्या माणसाची भाकर

तुमाला आमच्या किसनचं सांगतो. कुरुंद्याला माझं हळद पॉलिश करायचं मशीन हाय. ते चालवतो तांड्यावरचा किसन. फौजेतून सुटून आला, पण नाव अजून राखीव यादीत. परवा त्याला पत्र आलं, तयार राहा, कधीबी बोलावू.

दुसऱ्या दिवशी गडी थेट लिंबाखाली जाऊन बसला.

"काहून रे, तब्येत बरी न्हाई का?"

"मालक, आज मी सीमेवर हाय. मशीन तुमी चालवून बघा."

दारात लोक हळदीची पोती घेऊन उभे! मी ट्रॅक्टरवरून ड्रमला जाणारा पट्टा चढवला की उतरायचा, चढवला की उतरायचा.

"किसन, एवढं तरी सांग!"

"सीमेवर ऐकू येत न्हाई, मालक."

मग मीबी इरेला पेटलो. दहादा चढवला, शेवटी ट्रॅक्टरच ड्रमच्या रेषेत सरळ करून लावला, अन् दुपारी ड्रम फिरला. किसन हसत उठला अन् रोजच्यासारखा माझ्या डब्यापाशी येऊन बसला. मी त्याच्या वाट्याची भाकर झाकून बाजूला ठेवली.

"हे काहून?"

"तू सीमेवर हायस ना? परत आल्यावर जेव."

"गार होईल की, मालक."

"होऊ दे. तू फक्त ये."