तळघरातला पंखा

आमच्या ओहायोतल्या गावात पूर्वी जिथे टाइपरायटर दुरुस्त व्हायचे, तिथे आता डॅरिल कॉम्प्युटर दुरुस्त करतो. रांगेत माझ्यापुढे माझ्याच वयाच्या एक बाई होत्या.

“पडद्यावर तापमान ब्याण्णव दिसत होतं. म्हटलं, जुलै आहे, एवढं असायचंच.”

“व्हर्नाबाई, ते सेल्सिअस. आपल्या फॅरनहाइटच्या हिशेबाने जवळजवळ दोनशे.”

“अगं बाई! दोनशेवर तर मी ओव्हनमध्ये टर्की गरम ठेवते.”

“कॉम्प्युटरचीही टर्कीच होणार होती.”

“माझा नवरा रॉस होता तेव्हा तोच बघायचा. रोज तळघरातून आकडा ओरडून सांगायचा, तोही माझ्यासाठी फॅरनहाइट करून. मी कुठे विचारलं होतं?”

“आता काळजी नको. कॉम्प्युटरमधला जुना पंखा धुळीने भरला होता. नवा बसवलाय, आवाज अजिबात नाही.”

“अजिबात?”

“चालू आहे हेसुद्धा कळणार नाही.”

“मग जुनाच बसवा.”

“अहो, किती घरघरतो तो!”

“ती घरघर वर स्वयंपाकघरात येते. रॉस गेल्यापासून मी कॉम्प्युटर बंदच केला नाही. बटाटे सोलताना वाटतं, खाली बसलाय.”

“बरं. साफ करून जुनाच बसवतो. पण आकड्यावर लक्ष ठेवावं लागेल. फॅरनहाइटमध्ये दिसेल असं करून देऊ?”

“नको. तो बघायचा तसाच राहू दे. कितीला घाबरायचं, तेवढं सांगा.”

“ऐंशीला.”

“ऐंशी. साठ-सत्तर असलं तर?”

“मग निवांत वर जायचं.”

“वर कसली जाते! आधी त्याच्यासारखा खालून आकडा ओरडून सांगेन.”