चंद्राची एक ओळ

१९६१ साल. बंगळूरला मल्लेश्वरमच्या पोस्टात, रांगेत माझ्यापुढं दोन नर्सबाया.

"प्रेमा, आपल्या बॅचची वही आली बघ! दोन वर्षं चंद्राकडेच अडकली होती."

"आपली खबर लिहून पुढचीला धाडायची, एवढंही जमेना तिला?"

"लग्न झालं, नोकरी सुटली. लिहिणार काय गं?"

"मग आता काय लिहिलंय?"

"एकच ओळ. 'एक तारखेपासून पुन्हा ड्यूटीवर जाते. टोपीला खळ किती घालायची, विसरले.'"

"अय्यो! दे इकडं वही, आता माझी पाळी."

"स्वल्प थांब. आधी चंद्राकडे परत धाडते."

"आणि ही फुगलीय कशानं?"

"आत माझी टोपी आहे, खळ घातलेली. एक तारखेला होईल तिला."

"मग उद्या वॉर्डात तू काय घालणार?"

"मी मेट्रनबाईंची बोलणी खाईन की!"